गोल करणारा आणि गोल घडविणारे
(इयत्ता सहावी व सातवीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासासाठी अभ्यासपाठ)

विषयप्रवेश

सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा २०१७ साली भारतात भरली व तिचे काही सामने नवी मुंबई येथे झाले. त्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने शाळांमधून फुटबॉलचा प्रसार करण्याचा उपक्रम हाती घेतला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर मुले हा खेळ खेळली, आणि खो-खो व कबड्डी यांवर वाढलेल्या अनेक खेड्यांतील शाळांच्या क्रीडासाहित्यात फुटबॉलची भर पडली. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु खेळाचे साहित्य शाळेत आले म्हणजे खेळाची समजूतही आपोआप येते असे नाही. ती शिक्षकाने द्यावी लागते.

फुटबॉलविषयी सर्वांत प्रचलित गैरसमज असा की, गोल करणे हे एकट्या आघाडीच्या खेळाडूचे काम व एकट्याचेच कौशल्य आहे. ज्याने गोल केला तो चांगला खेळाडू आणि ज्याला चार सामन्यांत गोल करता आला नाही तो वाईट, असा निवाडा प्रेक्षक सहज देतात. शिक्षकानेही तसाच निवाडा दिला, तर मुलाचे नुकसान होते. केंद्र पातळीवरील स्पर्धेसाठी संघ निवडताना अशा मुलाचे नाव वगळले जाते, सवंगडी त्याला बोल लावतात, आणि दोष आपलाच आहे असे मानून ते मूल मैदानावर येणे सोडते. पुष्कळदा दोष त्याच्या पायात नसतो. त्याच्यापर्यंत चेंडूच पोहोचलेला नसतो. हा भेद शिक्षकाला ओळखता यावा व मुलांनाही समजावून देता यावा, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

सूर म्हणजे काय?

एखादा खेळाडू लागोपाठ गोल करू लागला म्हणजे त्याला सूर गवसला असे म्हणतात, आणि गोल होईनासे झाले की सूर हरपला असे म्हणतात. गायकाचा सूर त्याच्या स्वतःच्या कंठात असतो. आघाडीच्या खेळाडूचा सूर मात्र बऱ्याच अंशी त्याच्या मागे व बाजूला खेळणाऱ्यांच्या हाती असतो. याची कारणे चार आहेत.

पहिले कारण संधींची संख्या. आघाडीच्या खेळाडूच्या वाट्याला संपूर्ण सामन्यात चेंडू फार थोडा वेळ येतो. मधल्या फळीतील खेळाडू प्रतिपक्षाच्या पायांतील चेंडू काढून घेऊन तो पुढे पाठवितात, तेव्हाच त्याला गोलवर नेम धरता येतो. त्यांनी पाठविला नाही तर नेम कितीही चांगला असला तरी व्यर्थ.

दुसरे कारण संधींचा दर्जा. गोलकडे पाठ असताना, मागे बचावपटू खेटून उभा असताना, उसळता चेंडू मिळणे वेगळे; आणि धावता धावता, गोल समोर दिसत असताना, पावलापुढे घरंगळत आलेला चेंडू मिळणे वेगळे. पहिल्या चेंडूवर निष्णात खेळाडूही चुकतो, दुसऱ्यावर सामान्य मुलगाही गोल करतो. चेंडू कोणता मिळणार हे देणाराच्या नजरेवर व कल्पकतेवर अवलंबून असते.

तिसरे कारण प्रतिपक्षाचे लक्ष. बगलेवर कोणी चपळ नसेल, मधून कोणी घुसणारा नसेल, तर बचावपटू निश्चिंतपणे दोघे-तिघे मिळून एका आघाडीच्या खेळाडूला घेरतात. तेच दोन्ही बगलांवर धोका निर्माण झाला की बचाव फळी पांगते आणि मध्ये वाट मोकळी होते. ती वाट मोकळी करणारा कित्येकदा चेंडूला स्पर्शही करीत नाही.

चौथे कारण मनाचे आहे आणि शिक्षकाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. आपण मोकळ्या जागेत धावलो तर चेंडू तेथे येईल असा विश्वास असतो, तोपर्यंतच खेळाडू धावतो. दहा वेळा धावून दहाही वेळा चेंडू आला नाही, तर अकराव्या वेळी तो उभा राहतो. पुढे कधी चेंडू आलाच, तर ही एकमेव संधी आहे या धास्तीने तो घाईने व लांबूनच फटका मारतो, आणि चुकतो. मग सोबती म्हणतात, "याला चेंडू देऊन उपयोग नाही." चेंडू येत नाही म्हणून गोल होत नाही, आणि गोल होत नाही म्हणून चेंडू येत नाही, असे हे चक्र आहे. ते बाहेरच्या कोणीतरी तोडावे लागते. शाळेत तो बाहेरचा मनुष्य म्हणजे शिक्षक.

मेलबर्न, १९५६

आपल्या देशाच्या फुटबॉलच्या इतिहासात या विषयाचे उत्तम उदाहरण सापडते. नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्यातील बार्देश तालुक्यातील आसगावचा. मुंबईच्या मैदानांवर टाटा संघाकडून खेळून तो नावारूपास आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात तो मध्य-आघाडीचा खेळाडू होता. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिल्या फेरीत खेळावे लागले नाही. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. त्यांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. या विजयामुळे उपान्त्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश झाला.

येथवरची माहिती बहुतेक क्रीडाप्रेमींना असते. मुलांना सांगावयाची गोष्ट याच्या पुढे आहे. त्या सामन्याची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांनुसार पहिल्या गोलाच्या वेळी संघनायक समर बॅनर्जी यांनी मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांडीवर आदळून परत आला आणि नेव्हिलने तो डोक्याने आत लोटला. दुसऱ्या गोलाच्या वेळी पी. के. बॅनर्जी यांनी उजव्या बगलेवरून मुसंडी मारून चेंडू आत दिला व नेव्हिलने तो जाळ्यात धाडला. भारताचा चौथा गोल कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांचा. त्या संघात हैदराबादचे तरुण तुलसीदास बलराम होते, कन्नायन होते, मागून चेंडू पुरविणारे केंपय्या होते. अशा सोबत्यांमध्ये नेव्हिल खेळत होता.

४ डिसेंबर रोजी उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा नेव्हिलनेच केला. परंतु युगोस्लाव्हियाने नंतर चार गोल चढवून सामना जिंकला. ७ डिसेंबर रोजी कांस्यपदकासाठी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने भारताचा ३-० असा पराभव केला. स्पर्धेच्या शेवटी नेव्हिलचे चार गोल झाले होते, आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या तीन खेळाडूंत त्याचे नाव होते. आता या आकड्यांकडे पाहावे: भारतीय संघाचे गोल पहिल्या सामन्यात चार, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात शून्य. एका आठवड्यात नेव्हिल गोल करण्याची विद्या विसरला असे कोणी म्हणेल काय? प्रतिपक्ष बलाढ्य असला म्हणजे मधल्या फळीला चेंडू राखणे अवघड जाते आणि पुढे जाणाऱ्या संधी आटतात. संधी आटल्या की गोलही आटतात.

यावरून नेव्हिलचे श्रेय उणे होते असे मात्र समजू नये. दांडीवरून परतलेला चेंडू जेथे पडणार तेथे त्या क्षणी हजर असणे हे त्याचेच कौशल्य होते. संधी सोबती देतात. ती ओळखणे व साधणे हे आघाडीच्या खेळाडूचे काम. दोहोंपैकी एकही गोष्ट उणी पडली तर गोल होत नाही, एवढेच मुलांच्या मनावर ठसवावयाचे आहे.

मार्गदर्शक रहीम

या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शाळाशिक्षक होते, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. शाळेत शिकविता शिकविता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकला. राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शन त्यांच्याकडे असताना भारताने १९५१ साली दिल्ली येथे व १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कोठे त्यांचे नाव नव्या पिढीच्या कानी गेले.

रहीम यांची पद्धती शिक्षकाची होती. खेळाडूने चेंडू पायाशी खेळवीत एकट्यानेच पुढे नेण्याचा हव्यास सोडावा, म्हणून ते असे सामने भरवीत की ज्यांत चेंडू खेळवीत नेण्यास मनाई असे; आलेला चेंडू तत्काळ सोबत्याकडे द्यावा लागे. खेळाडूचा दुबळा पाय तयार व्हावा, म्हणून केवळ त्याच पायाने खेळावयाचे सामनेही ते घेत. नियमात एक लहानसा बदल करून मुलाला नवी सवय लावणे ही खरी अध्यापनकला होय. तिला पैसा लागत नाही आणि मोठे मैदानही लागत नाही.

१९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव पत्करावा लागला होता. चार वर्षांनी त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताने प्रथम गोल करून आघाडी घेतली. ही प्रगती एखाद्या बलवान आघाडीच्या खेळाडूच्या शोधाने झाली नाही. ती संपूर्ण संघाची घडण बदलल्याने झाली.

जकार्ता, १९६२

१९६२ च्या आशियाई स्पर्धेतील प्रसंग तर आणखी बोलका आहे. जर्नेलसिंग हा त्या वेळचा आपला खंदा बचावपटू. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डोक्याला जखम झाली व टाके घालावे लागले. उपान्त्य सामन्यात रहीम यांनी त्याला बचाव फळीतून काढून मध्य-आघाडीला खेळविले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने गोल केला. भारत ३-२ असा जिंकला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, दुसरा पुन्हा जर्नेलसिंगने. आणि भारत २-१ असा विजयी झाला. याच कोरियाने स्पर्धेच्या आरंभी भारताला २-० असे हरविले होते.

गोल अडविणे हे ज्याचे नित्याचे काम, तो डोक्याला टाके असताना गोल करू लागला. त्याचे धैर्य व ताकद वादातीत आहे. परंतु त्याच्या बाजूला पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी व तुलसीदास बलराम असे तिघे कल्पक खेळाडू होते, हेही तितकेच खरे. त्यांनी प्रतिपक्षाची बचाव फळी पांगवून ठेवली नसती, तर नवख्या जागी उभ्या राहिलेल्या खेळाडूला वाट कोठून मिळाली असती?

वेंबलीचा धडा

चेंडूला न शिवताही गोल घडविता येतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण हंगेरीच्या संघाचे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेंबली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. हंगेरीचा मध्य-आघाडीचा खेळाडू हिदेगकुटी हा प्रतिपक्षाच्या गोलजवळ उभा न राहता मागे सरकून खेळला. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूपुढे पेच पडला: त्याच्या मागे जावे तर गोलसमोरची जागा रिकामी होते, न जावे तर हिदेगकुटी मोकळा राहतो. मोकळा राहून त्याने स्वतः तीन गोल केले, आणि रिकाम्या जागेत पुश्कासला वाव मिळाला. पुढील वर्षीच्या विश्वचषकात हंगेरीच्याच कोचिशने अकरा गोल करून सर्वांत पुढचे स्थान मिळविले. त्या अकरा गोलांमागे असलेली सोबत्यांची हालचाल विसरून चालणार नाही.

संधींचे गणित

हा विषय वर्गात गणिताच्या साहाय्याने अधिक स्पष्ट करता येतो. समजा, दोन मुलांचे कौशल्य अगदी सारखे आहे. दोघेही पाच संधींपैकी एक साधतात. पहिल्याचे सोबती त्याला दर सामन्यात दहा संधी देतात, दुसऱ्याचे सोबती दोनच. पाच सामन्यांत पहिल्याला पन्नास संधी मिळतात व सरासरीने त्याचे दहा गोल होतात. दुसऱ्याला दहा संधी मिळून त्याचे दोन गोल होतात. कौशल्य समान असता गोलसंख्या पाचपट!

सातवीच्या हुशार मुलांना याच्या पुढची पायरी दाखवावी. सर्व संधी सारख्याच सोप्या मानल्या, तर एक संधी हुकण्याचे प्रमाण पाचांत चार. दोन्ही संधी हुकण्याचे प्रमाण चार पंचमांश गुणिले चार पंचमांश, म्हणजे पंचवीसांत सोळा, म्हणजेच शंभरात चौसष्ट. याचा अर्थ, ज्याला दोनच संधी मिळतात तो मुलगा शंभरांपैकी सुमारे चौसष्ट सामन्यांत गोल न करताच परतणार. दहा संधी मिळणाऱ्याच्या बाबतीत हेच प्रमाण शंभरात सुमारे अकरा इतके खाली येते. चार सामने कोरडे गेलेल्या मुलाला दोष देण्यापूर्वी शिक्षकाने हे गणित एकदा मांडून पाहावे.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात सर्व संधी सारख्या नसतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे ज्याला संधी थोड्या मिळतात त्याला बहुधा अवघडही मिळतात. त्यामुळे दोघांतील अंतर आणखी वाढते.

पाठाचा आराखडा

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी येथील शाळेसारखी खेड्यातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून पुढील पाठ आखला आहे. त्यास पस्तीस मिनिटांचे दोन तास पुरतात. साहित्य: एक फुटबॉल, रेषा आखण्यास राख किंवा चुना, गोलच्या खुणांसाठी चार विटा, शिट्टी व एक वही.

प्रस्तावना. मुलांच्या अनुभवातील दोन गोष्टींवरून प्रश्न विचारावेत. "खो-खोमध्ये गडी बाद करणाराचे नाव होते, पण त्याला खो कोणी दिला? तो क्षणभर उशिरा दिला असता तर काय झाले असते?" तसेच, "केळीच्या बागेला पाणी देताना शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर दोष वाफ्याचा की दारे धरणाराचा?" मुले उत्तरे बरोबर देतील. त्या उत्तरांवरून विषयाकडे यावे.

हेतुकथन. "गोल करणाराला गोल करता यावा म्हणून इतरांनी काय करावे लागते, ते आज आपण खेळून पाहू."

कृती पहिली. एका मुलाला गोलसमोर, गोलकडे पाठ करून उभे करावे. दोन बचावपटू व एक गोलरक्षक ठेवावा. मैदानाच्या मध्यावरून चेंडू त्याच्याकडे दहा वेळा पाठवावा. किती गोल झाले ते वहीत मांडावे.

कृती दुसरी. मुलगा तोच, बचावपटूही तेच. आता उजव्या बगलेवर एक व मागे एक असे दोन सोबती त्याला द्यावेत. चेंडू आधी बगलेवर जावा व तेथून आत यावा. पुन्हा दहा प्रयत्न करून गोल मोजावेत. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि फरकाचे कारण मुलांनाच विचारावे. फरक पडला नाही किंवा उलट पडला, तरी तो लपवू नये. चेंडू कोठून व कसा आला याची चर्चा करून पुन्हा दहा प्रयत्न घ्यावेत.

कृती तिसरी. सात-सात मुलांचे दोन संघ करून सामना घ्यावा. नियम दोन: कोणीही चेंडूला लागोपाठ दोनपेक्षा अधिक स्पर्श करू नये, आणि गोल करणाराने ज्याच्याकडून चेंडू आला त्याचे नाव मोठ्याने घ्यावे. नाव न घेतल्यास गोल धरू नये. दर दहा मिनिटांनी आघाडीचे खेळाडू बदलावेत, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही कामांची ओळख होईल. मुली व मुले यांचे मिश्र संघ करण्यास हरकत नाही.

उपयोजन. दुसऱ्या तासाच्या शेवटी वर दिलेले संधींचे गणित वर्गात सोडवून घ्यावे.

नोंदवहीचे महत्त्व

सामना चालू असताना न खेळणाऱ्या दोन मुलांकडे नोंद ठेवण्याचे काम द्यावे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे चार रकाने असावेत: चेंडू किती वेळा मिळाला, गोलसमोर संधी किती मिळाल्या, गोल किती केले, सोबत्याला संधी किती दिल्या. चार-पाच सामन्यांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे शिक्षकाला आपला संघ नव्याने दिसू लागतो. ज्याचा एकही गोल नाही, परंतु शेवटच्या रकान्यात ज्याच्या नावावर सर्वाधिक खुणा आहेत, असा एखादा अबोल मुलगा बहुधा प्रत्येक शाळेत असतो. मोठ्या स्पर्धांतून हल्ली गोल करणाराबरोबरच गोलास साहाय्य करणाराचीही नोंद ठेवतात. शाळेनेही ती ठेवावी आणि परिपाठाच्या वेळी दोघांचीही नावे वाचून दाखवावीत.

या नोंदवहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो फुटबॉलपेक्षा मोठा आहे. आपल्या भागातील वर्गात कोणी घरी अहिराणी बोलतो, कोणी गुजरी, कोणी भिली, कोणी पावरी. कोणी गावठाणातला असतो, कोणी दूरच्या पाड्यावरून चालत येतो. मुले नकळत आपल्या ओळखीच्या मुलाकडेच चेंडू देतात. चेंडू मोकळी जागा पाहून जाण्याऐवजी गल्ली पाहून जातो. मग पाड्यावरचा मुलगा किंवा एखादी मुलगी आघाडीला उभी असूनही तिच्या नावापुढचा पहिलाच रकाना रिकामा राहतो, आणि सारे म्हणतात की तिला खेळता येत नाही. रिकामा रकाना दिसला की शिक्षकाने समजावे, येथे कौशल्याची उणीव ठरविण्याइतका पुरावाच नाही. आधी चेंडू पोहोचवावा, मग परीक्षा करावी. चेंडू देणाराचे नाव घेण्याचा नियम याच कारणासाठी सुचविला आहे. एकमेकांची नावे मोठ्याने घेऊ लागलेली मुले चेंडूही एकमेकांना देऊ लागतात.

वर्गातही हेच घडते. ज्या मुलाला कधी प्रश्न विचारला जात नाही, त्याला उत्तर येत नाही असे आपण धरून चालतो. सोपा, वेळेवर व त्याच्या पावलापुढे पडेल असा प्रश्न देणे, हे शिक्षकाचे मधल्या फळीतील काम आहे.

शिक्षकांसाठी दक्षता

१. सोबत्यांचे महत्त्व सांगताना आघाडीच्या मुलाला सबब देऊ नये. त्याने मोकळ्या जागेत धावणे, दोन्ही पायांनी फटका मारण्याचा सराव करणे व परतलेल्या चेंडूवर टपून राहणे, ही त्याची स्वतःची कामे आहेत. नोंदवहीत संधी भरपूर व गोल थोडे दिसले, तर त्याच्याकडून नेमबाजीचा सराव करून घ्यावा. संधीच थोड्या दिसल्या, तर मधल्या फळीचा सराव घ्यावा. उपाय निदानाप्रमाणे असावा.

२. सूर हरपलेल्या मुलाला सर्वांसमक्ष बोलू नये. त्याला काही दिवस बगलेवर किंवा मधल्या फळीत खेळवावे. दुसऱ्याला संधी देताना संधी कशी निर्माण होते हे त्याला समजते, आणि आघाडीला परतल्यावर कोठे धावावे हेही कळते.

३. पादत्राणे नसलेल्या मुलांसाठी मैदानातील खडे, काच व काटे आधी वेचून घ्यावेत. उन्हाळ्यात खेळ सकाळीच घ्यावा व पिण्याचे पाणी जवळ ठेवावे.

४. एकच चेंडू असेल तर मोठ्या वर्गाचे तीन गट करावेत: एक खेळणारा, एक नोंद ठेवणारा व एक निरीक्षण करून प्रश्न विचारणारा. कोणीही नुसता उभा राहू नये.

अध्ययनासाठी प्रश्न

१. नेव्हिल डिसोझाच्या मेलबर्न येथील पहिल्या गोलात समर बॅनर्जी यांचा वाटा कोणता व नेव्हिलचा कोणता, हे सातवीच्या मुलांना समजेल अशा भाषेत सांगा.

२. जर्नेलसिंगच्या उदाहरणावरून संघातील जागा व खेळाडू यांच्या संबंधाविषयी काय अनुमान निघते? त्या अनुमानाची मर्यादा कोणती?

३. एका मुलाला चार सामन्यांत आठ संधी मिळाल्या व एकही गोल झाला नाही. पाचांत एक हे प्रमाण धरून त्याच्याविषयी कोणताही निष्कर्ष काढणे योग्य होईल काय? गणित मांडून उत्तर द्या.

४. रहीम यांच्याप्रमाणे नियमात एखादाच बदल करून खो-खो अथवा कबड्डी या खेळांत सहकार्याची सवय लावता येईल असा एक खेळ योजा.

५. आपल्या शाळेत वरीलप्रमाणे नोंदवही एक महिना ठेवा. ज्यांचा पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला अशी मुले कोणती, त्यांना चेंडू का मिळाला नाही, आणि महिन्याच्या अखेरीस त्यात काय फरक पडला, याचे टिपण तयार करून केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी ठेवा. टिपणात मुलांची नावे न देता क्रमांक द्यावेत.